जुनं की गुणकारी? जखमेवरची हळद, कंबरमोडीचा पाला आणि पुराव्याचा प्रश्न



आजचा विषय किरकोळ जखमांवरचे घरगुती आणि गावठी उपाय असा आहे. सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आमच्या नावाआधी डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानातल्या प्रबंधामुळे. त्यामुळे खरचटल्यावर काय लावावं याची चिठ्ठी आमच्याकडून मिळणार नाही. आम्ही आयुष्यभर एकच प्रश्न शिकवला: एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कळतं कसं? तोच प्रश्न आज हळदीला, मधाला आणि बांधावरच्या पाल्याला विचारायचा आहे. वऱ्हाडीत त्याला फार नेटका शब्द आहे – 'काहून?'

आधी आपल्या भागातली जखम कशी असते ते पाहू. अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीत जखम बहुधा शेतात होते. निंदताना खुरपं लागतं, ज्वारी कापताना विळा लागतो. अनवाणी पायात धसकट घुसतं, पऱ्हाटीचा खुंट घुसतो, बाभळीचा काटा मोडतो. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं वाळक्या बोंडांच्या टोकांनी ओरबाडून निघतात. दवाखाना गावात नसे, त्यामुळे जे हाताशी असेल ते जखमेवर जाई. स्वयंपाकघरातली हळद आणि तूप, पोळ्यातला मध, कुंपणाची कोरफड, बांधावरची कंबरमोडी. पण याच यादीत चुलीची राख, शेण, चुना, तंबाखू, रॉकेल आणि नुसती मातीही होती, हे विसरून चालणार नाही. परंपरा म्हणताना आपण पहिली अर्धी यादी आठवतो आणि दुसरी अर्धी सोयीस्करपणे गाळतो. दोन्ही उपाय करणारी माणसं एकच होती, विश्वासही तेवढाच होता. मग यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ठरवायचं कशावरून?

हा प्रश्न एकदा थेट अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात गेला होता. ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल, पण ती बहुतेकदा अर्धीच सांगितली जाते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने एक पेटंट दिलं, क्रमांक ५४०१५०४. विषय होता जखम भरण्यासाठी हळदीचा वापर. ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावे होतं आणि संशोधक होते सुमन दास आणि हरिहर कोहली, दोघेही भारतीय वंशाचे. म्हणजे आपल्या आजीच्या हळदीच्या डब्यावर कुणीतरी मालकीची पाटी लावली होती. त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक होते. गोव्यातल्या माशेल गावचा हा माणूस मुंबईत हलाखीत शिकला, आणि घरातली हळद म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ऑक्टोबर १९९६ मध्ये परिषदेने या पेटंटाची फेरतपासणी मागितली.

आता इथे बारकाईने बघा. कोट्यवधी भारतीय घरांत हळद लावतात, हा पुरावा तिथे पुरेसा नव्हता. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशात एखादी गोष्ट लोक नुसती वापरतात, एवढ्याने ती आधीपासून माहीत असलेली ठरत नसे. ती कुठेतरी छापलेली असावी लागे. म्हणून परिषदेच्या लोकांनी ग्रंथालयं पालथी घातली आणि ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी लेखन होतं, शंभर वर्षांहून जुनं साहित्य होतं आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकी कार्यालयाने पेटंटातले सगळे, म्हणजे सहाही दावे फेटाळले. वर्तमानपत्रांत हळदीघाटी जिंकल्याच्या बातम्या आल्या. आनंद रास्त होता. याच अनुभवातून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल कोश उभा राहिला. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध या परंपरांच्या ग्रंथांतले योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडले गेले, म्हणजे पुढच्या वेळी परदेशी तपासनिसाला ते वाचता यावेत.

गोष्ट बहुतेकदा इथेच संपवतात. आम्हाला इथून पुढे बोलायचं आहे.

त्या निकालाने सिद्ध काय झालं? हळद जखमेवर लावणं ही नवी कल्पना नाही, एवढंच. कार्यालयापुढचा प्रश्न 'हे आधी माहीत होतं का' हा होता. 'याने जखम बरी होते का' हा प्रश्न आपल्या बाजूने कुणी लढवायचं कारणच नव्हतं. गंमत बघा, गुण येतो असं तर पेटंट मागणारेही म्हणत होते आणि विरोध करणारेही म्हणत होते. भांडण होतं ते वयाचं. पण घरोघरी निकाल पोचला तो असा की, अमेरिकेनेसुद्धा हळदीचा गुण मान्य केला. जुनेपणाचा दाखला मिळाला आणि आपण तो गुणाचा दाखला म्हणून भिंतीवर लावला. या दोन दाखल्यांची गल्लत हा आजच्या व्याख्यानाचा खरा विषय आहे.

मग गुणाचा दाखला कसा मिळवायचा? त्यासाठी परदेशात जायची गरज नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, सत्य तपासायचे चार मार्ग दिले आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. त्या चारींना मिळून तिथे नाव दिलंय 'परीक्षा'. हा शब्द ध्यानात ठेवा. आजीने सांगितलं हा आप्तोपदेश. तो एक मार्ग आहे, पण चारांपैकी एक. तो मिळाला म्हणून उरलेले तीन बंद होत नाहीत.

आता अनुमानाकडे येऊ. 'हळद लावली आणि जखम बरी झाली, म्हणून हळदीने बरी झाली.' आपल्याकडे याला उत्तर म्हणून काकतालीय न्याय आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असं होत नाही. किरकोळ जखमेच्या बाबतीत हा न्याय फारच लागू पडतो, कारण निरोगी माणसाची बारीक जखम काही न लावताही आठवड्या-दहा दिवसांत भरते. रक्त गोठतं, पांढऱ्या पेशी घाण उचलतात, नवी त्वचा कडेकडून सरकत येते. त्या दिवसांत तुम्ही हळद लावा, राख लावा की नुसती फुंकर घाला, श्रेय लावलेल्या वस्तूलाच मिळतं. म्हणूनच राख आणि शेण इतकी शतकं टिकले. दहांतल्या नऊ जखमा शरीराने बऱ्या केल्या आणि दहाव्याच्या वेळी नशिबाला बोल लावला गेला.

न्यायदर्शनातल्या आचार्यांनी याहून सूक्ष्म एक गोष्ट सांगितली, तिला उपाधी म्हणतात. जिथे धूर तिथे अग्नी हे बरोबर, पण जिथे अग्नी तिथे धूर हे बरोबर नाही. धूर येतो तो लाकूड ओलं असलं तर. हा ओलेपणा म्हणजे उपाधी, लपून बसलेली अट. आता घरात हळद कशी लावतात ते आठवा. आई आधी जखम पाण्याने धुते. मग दाबून धरते. मग हळद भरते, वर जुन्या लुगड्याची स्वच्छ चिंधी बांधते आणि पोराला दोन दिवस मातीत खेळू देत नाही. पाच गोष्टी झाल्या, नाव मात्र हळदीचं. यातली कोणती कामाला आली? उरलेल्या चार सारख्या ठेवून फक्त एक बदलून बघितल्याशिवाय हे कळणार नाही. आधुनिक वैद्यकात ज्याला तुलनात्मक चाचणी म्हणतात ती, आमच्या भाषेत सांगायचं तर, उपाधी बाजूला काढण्याची रीत आहे.

आता आपल्या भागातल्या पाल्याकडे येऊ. कंबरमोडी म्हणा, एकदांडी म्हणा, दगडी पाला म्हणा. रस्त्याच्या कडेला, धुऱ्यावर, पडक्या भिंतीत कुठेही उगवतो. एका लांब दांडीवर एकच पांढरं-पिवळं फूल. खरचटलं की पाला तळहातावर चोळून रस पिळायचा, हे अमरावती-अकोल्याच्या खेड्यातल्या कोणत्याही गुराख्याला माहीत असतं. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. हजारो वर्षांचं आपलं ज्ञान, असं आपण याच्याबद्दल सहज बोलून जातो. पण ही वनस्पती मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची आहे. लिनियसने १७५३ साली तिचं नामकरण केलं तेही तिकडच्या नमुन्यावरून. चरक-सुश्रुतांच्या काळी ती भारतात नव्हती. मिरची, बटाटा, पेरू यांच्यासारखीच ती समुद्रावरून आलेली पाहुणी आहे.

काहींना हे ऐकून वाईट वाटेल. आम्हाला उलट फार आनंद होतो. कारण याचा अर्थ असा की, आपल्या गावातल्या कुणीतरी निरक्षर माणसाने एक अनोळखी तण पाहिलं, चुरगाळलं, जखमेवर लावून बघितलं, शेजाऱ्याला सांगितलं, त्यानेही बघितलं. कोणत्या ग्रंथाची आज्ञा नव्हती. म्हणजे परंपरा ही गोठलेली वस्तू नव्हती, ती चालू असलेली परीक्षा होती. आज आपण तोच पाला 'पूर्वजांनी सांगितलंय, आता प्रश्न नको' म्हणून वापरतो, तेव्हा पूर्वजांची रीत आपणच मोडत असतो.

मग या परीक्षेचे आजवरचे निकाल काय? थोडक्यात सांगतो.

कंबरमोडीवर १९८० च्या दशकापासून भारतीय औषधशास्त्रज्ञांनी प्रयोग केले, पण ते मुख्यतः उंदरांवर आणि प्रयोगशाळेत. अर्क दिल्यावर जखम भरण्याच्या काही टप्प्यांवर परिणाम दिसला. मात्र उंदराच्या पाठीवरचा अर्क आणि शेतातल्या मळक्या हातांनी पिळलेला रस यांत फार अंतर आहे.

हळदीतलं कर्क्युमिन १८१५ मध्ये वेगळं काढलं गेलं. ते काही जिवाणूंना रोखतं हे १९४९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलं. काचेच्या बशीत आणि प्राण्यांवर त्याचे गुण दिसतात, माणसांवरच्या चाचण्या लहान आणि थोड्या. शिवाय चाचणीतलं शुद्ध कर्क्युमिन म्हणजे डब्यातली हळद नव्हे. हळकुंड जमिनीत वाढतं. ते उकडून वाळवलं तरी मातीतले काही जिवाणू बीजाणूच्या रूपात उकळण्यालाही पुरून उरतात. भेसळीचा प्रश्न वेगळाच. बांगलादेशात रंग खुलवण्यासाठी हळदीत शिशाचं क्रोमेट मिसळत असल्याचं २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. जात्यावर घरी दळलेली हळद आणि आजची सुटी पिवळीधमक पूड यांना एकच नाव आहे, पण वस्तू एकच असेल याची खात्री नाही.

कोरफडीचं सगळं संशोधन २०१२ मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने एकत्र तपासलं. जखमांसाठी ठाम काही सांगण्याइतक्या चांगल्या चाचण्याच नाहीत, हा निष्कर्ष. लक्षात घ्या, उपयोग नाही असं ते म्हणाले नाहीत. कळलेलं नाही असं म्हणाले. या दोन वाक्यांतला फरक ज्याला समजला त्याला आम्ही तत्त्वज्ञानाच्या पेपरात पास करू.

आणि मध. इथे मात्र आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण आहे. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला मध, दुसऱ्याला त्या वेळचं प्रस्थापित चांदीयुक्त मलम. १९९१ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त त्यांनी निकाल छापला. मधाच्या गटातल्या जखमा लवकर जंतुरहित झाल्या आणि लवकर भरल्या. एका ठिकाणच्या एका चाचणीवर थांबायचं नसतं, म्हणून पुढे इतरांच्याही चाचण्या जमा झाल्या. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याने सांगितलं की, भाजल्याच्या मध्यम खोलीच्या जखमा नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाखाली सुमारे चार-पाच दिवस आधी भरतात. इतर बऱ्याच जखमांबद्दल मात्र पुरावा कच्चा. सुश्रुताने मध आणि तूप जखमेवर सांगितलं होतंच. पण सांगितलं होतं म्हणून ते खरं ठरलं नाही. सोलापुरात दोन गट करून कुणीतरी मोजलं, तेव्हा त्या सांगण्याचा एक भाग पक्का झाला. अर्थात वैद्यकीय वापराचा मध किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेला असतो, पोळ्यातून काढलेला नव्हे.

आणखी एक मजेशीर धागा. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या त्वचेवर दाखवलं की, झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्यावर वाळू दिलेल्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने नव्या त्वचेने झाकली जाते. तोवर जगभरची समजूत होती की जखमेला वारा लागू द्यावा, खपली धरू द्यावी. आता तूप, मध, कोरफडीचा गर आणि ताजा पाला यांच्याकडे पुन्हा बघा. सगळे जखम ओलसर ठेवतात. कदाचित त्यांचा निम्मा गुण औषधाचा नसून ओलाव्याचा असेल. सापडली उपाधी! आणि जी कोरडी पूड जखमेत घट्ट भरून ठेवतात ती या कसोटीवर मागे पडते.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते. यात डाव जिवाचा आहे. काळ्या मातीत, शेणखतात धनुर्वाताचे बीजाणू असतात. किटासाटोने १८८९ मध्ये तो जिवाणू वेगळा केला, त्याआधी बारीक काट्याने धडधाकट गडी धनुष्यासारखा वाकून कसा मरतो हे कुणालाच उमगत नसे. नवजात बाळाची नाळ म्हणजे आयुष्यातली पहिली जखम. तिच्यावर राख, शेण, तेल लावण्याची रीत किती घरांत होती! १९८८ च्या सुमारास भारतात वर्षाला दीड लाखाहून जास्त बाळं धनुर्वाताने जात, असा अंदाज आहे. २०१५ मध्ये भारतातून माता-बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. हे झालं गरोदर मातांच्या लसीमुळे, स्वच्छ बाळंतपणामुळे आणि नाळेवर काहीही न लावण्याच्या शिकवणीमुळे. कोणत्याही पाल्यामुळे नव्हे. हीसुद्धा परीक्षाच होती, आणि तिच्यात आपल्या काही जुन्या रीती नापास झाल्या.

दुसरी धोक्याची जागा म्हणजे न दुखणारी जखम. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभी केली. तिथल्या कामाने आपल्याला जे दाखवलं ते आज प्रत्येक मधुमेही माणसाने समजून घ्यावं. कुष्ठरोगात बोटं रोगाने आपोआप झडतात ही समजूत चुकीची आहे. संवेदना जाते, चटका आणि काटा कळत नाही, जखम चिघळते आणि बोट जातं. मधुमेहात पाय असाच बधिर होतो. अशा पायावरची जखम किरकोळ दिसली तरी किरकोळ नसते, तिला ना हळद ना पाला. थेट दवाखाना.

मग घरी करायचं काय? सगळ्यात भक्कम पुरावा सगळ्यात साध्या गोष्टीच्या बाजूने आहे: पाणी. पिण्याजोग्या स्वच्छ पाण्याने धुतलेली जखम सलाइनने धुतलेल्या जखमेपेक्षा जास्त चिघळत नाही, असं चाचण्यांचे आढावे सांगतात. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात स्वच्छतेचं महत्त्व आम्ही काय सांगावं! पण दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोटच्या खारपाणपट्ट्यात स्वच्छ गोडं पाणी हीच दुर्मीळ गोष्ट होती, हेही खरं. म्हणजे जखमेच्या इतिहासात पाल्यापेक्षा विहिरीचं आणि नळयोजनेचं पान मोठं आहे.

तर धुवा, दाबून रक्त थांबवा, स्वच्छ पट्टीने झाका आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते डॉक्टरांना सांगा. खोल रुतलेला काटा, प्राण्याचा चावा, थांबत नसलेलं रक्त, वाढती लाली, पू, ताप, यांत घरगुती उपायाने एक दिवसही घालवू नका. सर्पदंशात तर पाल्याच्या नादी लागूच नका.

मेळघाटातल्या कोरकू बांधवांकडे आणि आपल्या गावोगावच्या जाणत्यांकडे अजून किती तरी पाल्यांची माहिती आहे, जी कोणत्याच ग्रंथात नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावागावात लोकांची जैवविविधता नोंदवही करण्याची सोय केली आहे. ती नोंद मनापासून व्हायला हवी. नोंद झाली की मालकी वाचेल, जुनेपणाचा दाखला मिळेल. पण तिच्यापुढे एक कोरा रकाना ठेवा, 'तपासलं का?' असा. अमरावती-अकोल्यात आयुर्वेदाची, औषधनिर्माणाची, वैद्यकाची महाविद्यालयं आहेत. तो रकाना भरायचं काम त्यांचं आहे, आणि तो भरला की नाही हे विचारायचं काम आपलं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. संकोच करू नका, 'काहून' म्हणून विचारा.